कोलूतली मालगाडी

तंजावूर, सन १९३६

५ जुलै, रविवार
आजपासून रोजनिशी. मराठीत लिहिणार. म्हणजे कचेरीत विसरली तरी हेडक्लार्कला वाचता यायची नाही, आणि घरी बायकोला, अंबाला, देवनागरी येत नाही. पूर्ण सुरक्षित.

कारण असं: चंद्रीचं मद्रासहून पत्र आलं. (मराठीच, पण तमिळ अक्षरांत. आजची पिढी!) लग्नानंतरच्या पहिल्या नवरात्राला माहेरी येते आहे. लिहिते, "अप्पा, यंदा नवरात्रात बाहुल्यांचा कोलू मांडाल तेव्हा पायऱ्यांखाली जो गाव करता, त्यात एक मालगाडी ठेवा. देऊळ आणि तळं सगळ्यांकडेच असतं."

पोरीची समज मोठी. उलट टपाली कळवलं: इंजिन, दहा मालडबे, शेवटी गार्डची ब्रेकव्हॅन. हुबेहूब.

अंबा म्हणाली, रिकाम्या काड्यापेट्या जमवून ठेवते. मी हसलो. ती हसली नाही.

तर ठरलं. साधी मालगाडी नाही. आपल्या जिल्ह्यातलं भात पहिल्यांदा ज्या मालगाडीने बाहेर गेलं, ती. जुलै संशोधन, ऑगस्ट नकाशे, सप्टेंबर बांधणी, ऑक्टोबर विश्रांती. कचेरीत मी रेकॉर्डकीपर. वीस वर्षं लोकांचे हरवलेले कागद शोधून देतो. एक मालडबा शोधणं म्हणजे काय!

१२ जुलै
स्केल ठरवली. एक फुटाला एक इंच. डबा अठरा इंच. इंजिनासकट गाडी एकोणीस फूट. कूडम, म्हणजे घराची मधली मोठी खोली, अकरा फूट.

कूडम आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत काढता येईल का, असं अंबाला विचारलं. तिने एका शब्दात उत्तर दिलं.

नवी स्केल: फुटाला अर्धा इंच. बारकावे कमी होतील, पण प्रतिकूल परिस्थितीत काम करावं लागतं.

१९ जुलै
स्टेशनच्या मालधक्क्यावर प्रत्यक्ष मोजमाप. टेप घरी राहिला. छत्रीने मोजलं. छत्री अंदाजे तीन फूट. डबा सहा छत्र्या आणि एक मूठ. मूठ कोणत्या बाजूने धरली ते आठवत नाही.

पत्रे जोडणारे रिव्हेटही मोजले. एका बाजूला १४६. खात्रीसाठी उलट मोजले, १५१. मालबाबूने विचारलं, आपण कोण? म्हटलं, रेकॉर्ड्सकडून. तो उठून उभा राहिला. माणसात संशोधकाचं तेज असलं की दिसतंच.

घरी आल्यावर एक अडचण ध्यानात आली. हे सगळे आजचे डबे. मला आजोबांच्या काळचे हवेत. शिवाय त्या काळी इथले रूळ रुंद होते, ते पुढे अरुंद केले. म्हणजे रूळ अरुंद होण्याआधीचा डबा की नंतरचा? महिना गेला तरी चालेल, हा प्रश्न आधी सुटला पाहिजे.

२ ऑगस्ट
मोठा शोध! एका जुन्या फोटोग्राफरच्या दुकानात जुना फोटो. स्टेशन, साहेब, दोन बैल, आणि मागे मालडबा. भिंगातून तासभर पाहिला. डबा करड्या रंगाचा होता, हे निर्विवाद. आजवर कोणी सांगितलं नव्हतं. बाजारातून करडा रंग आणला.

अंबाने काड्यापेट्यांचा डबा कपाटावर ठेवला आहे. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

९ ऑगस्ट
पापनाशमला गेलो. तिथे प्राणेशराव राहतात, आपल्या मराठी लोकांपैकीच, मालगाडीचे रिटायर्ड गार्ड. वय ऐंशीच्या पुढे, आवाज अजून प्लॅटफॉर्मवरचा. दारच्या ओट्यावर, तिण्ण्यावर, बसवून गरम कापी प्यायला दिली. मी विषय काढला. म्हणाले, "करडा? छे हो. लाल. काव फासल्यासारखा लाल. उन्हात पाठ टेकली तर सदऱ्याला रंग लागायचा."

मी नम्रपणे फोटो पुढे केला. फोटो खोटं बोलत नाही, असंही सांगितलं.

त्यांनी तो डोळ्यांशी धरला. "सेतुमाधवराव, यात बैलही करडेच आहेत."

मी म्हटलं, बैल करडे असू शकतात.

म्हातारा पुढे बराच वेळ हसला. वयाने स्मरणशक्ती जाते, आणि तिच्याबरोबर शिष्टाचारही. निघताना म्हणाले, "पोरगी खेळायला मागते आहे ना? लाल करा, मोठी करा, ओढायला दोरी लावा." मी म्हटलं, चंद्री वीस वर्षांची आहे.

"मग तर तिला गाडी नकोच असेल," म्हणाले. याचा अर्थ लागला नाही.

२० ऑगस्ट, गुरुवार
पोटदुखीची रजा टाकून मालधक्क्यावर. हेडक्लार्क आपल्या मेव्हण्याला पोचवायला स्टेशनावर आलेला. मी एका डब्याखाली होतो. फक्त पाय दिसत असणार. पण म्हणाला, "सेतुमाधवराव, पोट कसं आहे?" चपला ओळखल्या बहुतेक. नवीन घ्याव्या लागतील.

३० ऑगस्ट
बढई आला. इथे त्याला आसारी म्हणतात. नकाशा दाखवला, नऊ ताव. त्याने सगळे उलटेसुलटे पाहून एकच प्रश्न केला: दार सरकतं की उघडतं?

फोटो पुन्हा काढला. फोटोत दारासमोर बैल आहे.

त्याला परत पाठवत होतो, तर अंबाने आत बोलावून कोलूसाठी एक जादा पायरी करून घेतली. अर्ध्या तासात झाली. जाडं काम. नकाशा नाही, काही नाही.

दाराचा प्रश्न सुटेपर्यंत चाकं करायची असा निश्चय.

१३ सप्टेंबर, दुपार
एक चाक झालं. जवळजवळ गोल.

चंद्रीचं पत्र, दोन पानी. १३ ऑक्टोबरला सकाळच्या मद्रास गाडीने पोचते. "अप्पा, स्टेशनवर तुम्हीच या, वाटेत बोलायचं आहे." दुसऱ्या पानावर जावयांची बदली. रंगूनला. दिवाळी झाली की दोघं आगबोटीने जाणार. चार वर्षं तरी येणं नाही.

अंबा पत्र हातात घेऊन चुलीपाशी बसून राहिली. मी तिला धीर दिला. सांगितलं की ब्रह्मदेशातले रूळसुद्धा इथल्यासारखेच मीटरभर रुंद आहेत, चंद्रीला काही परकं वाटायचं नाही.

अंबाने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

सायंकाळ
ब्रेकव्हॅनच्या दिव्याचा प्रश्न हाती घेतला. सलग चार तास. अशी एकाग्रता बऱ्याच दिवसांत झाली नव्हती.

४ ऑक्टोबर
प्रगतीचा आढावा. चाकं: तीन. दिव्यावर टिपणं: बावीस पानं. डबे: अद्याप नाहीत, पण कल्पना अगदी स्पष्ट. दहाऐवजी एकच डबा करावा, पण असा की लोकांनी पाहत राहावं. दहा डबे कोणीही करेल.

अंबा म्हणाली, "पोरीशी काय बोलायचं ते ठरवलंत का?" म्हटलं, वेळ आहे. ती म्हणाली, "कुठे आहे?"

१३ ऑक्टोबर, मंगळवार, संध्याकाळ
आजचा दिवस शांतपणे लिहून काढणं भाग आहे.

गाडी सातला. मी साडेपाचलाच स्टेशनावर, नेसलेली स्वच्छ वेष्टी, सदरा, खांद्यावर अंगवस्त्र. अंबाने निघताना बजावलं, "दुसरीकडे कुठे जाऊ नका." कशाला जाईन?

बाजूच्या रुळावर एक मालगाडी उभी. तिच्या शेवटाकडे एक रिकामा डबा. जुना. फार जुना. लाकडी अंग, आणि दार सरकणारं नाही, उघडणारं! तीन महिने ज्याच्यासाठी जीव टाकला तो समोर उभा. गाडीला दीड तास होता. टेप खिशात होता. पाच मिनिटांचं काम.

आतली लांबी घ्यायला आत चढलो. टेपचं एक टोक कोपऱ्यात दाबून दुसऱ्या टोकाला पोचतो, तोच धक्का बसला. मी बसलो. उठलो तेव्हा तंजावूर मागे जात होतं.

ओरडलो. इंजिन जास्त मोठ्याने ओरडत होतं.

पापनाशमला मालगाडी बाजूच्या रुळावर थांबवली, समोरून पॅसेंजर यायची म्हणून. मी दारात उभा. पॅसेंजर आली, संथ. तिसऱ्या डब्याच्या खिडकीत चंद्री. हनुवटी हातावर टेकलेली, वाळलेली वाटली. मी दोन्ही हात हलवले, एका हातात टेप. तिने पाहिलं. माझ्याकडेच पाहिलं. गाडी गेली.

गार्डने उतरवलं. डब्यात चोर सापडला म्हणून स्टेशनमास्तर निघाले पोलिसाला बोलवायला. मी प्राणेशरावांचं नाव सांगितलं. म्हातारा काठी टेकत स्टेशनवर आला, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, आणि मास्तरांना तमिळमध्ये म्हणाला, "चोर नाही. नुसता वेडा आहे. सोडा."

बाहेर आल्यावर मात्र हसले नाहीत. विचारलं, "पोरगी आज येणार होती ना?"

मी म्हटलं, आतली लांबी मिळाली. सतरा फूट चार इंच.

"जा घरी," म्हणाले.

दुपारी घरी पोचलो. चंद्री तासभर प्लॅटफॉर्मवर ट्रंकेवर बसून होती, मग एकटीच घोड्याचा जटका करून आली. मला पाहून पाया पडली. अंबाला म्हणत होती, "अम्मा, पापनाशमला मालगाडीत एक माणूस उभा होता, अगदी अप्पांसारखा. मला वाटलं आठवणीनेच दिसले." अंबाने माझ्या वेष्टीला लागलेला लाल रंग पाहिला.

डबा लाल होता. मागाहून रंगवला असावा.

वाटेत बोलायचं होतं ते काय, हे चंद्रीला विचारलं. म्हणाली, "असू दे, अप्पा. अम्माशी बोलले."

१५ ऑक्टोबर, अमावास्या
कोलू मांडला. नऊ पायऱ्या, एक जादा. मी सरकत्या आणि उघडत्या दारांवर अंतिम टिपण लिहीत होतो. दुपारी बाहेर आलो तर देऊळ आणि तळं यांच्यामधून मालगाडी चाललेली. काड्यापेट्यांची. काव लावून लाल. दोऱ्याच्या रिळांची चाकं. दहा डबे, मागे ब्रेकव्हॅन. अंबाने आणि चंद्रीने सकाळी बसून केली. दोघी हसत होत्या. घरात असं हसणं ऐकून बरेच दिवस झाले.

दोष, केवळ नोंदीसाठी: स्केल नाही. दारं नाहीत. रिव्हेट शून्य.

१८ ऑक्टोबर
शेजारपाजारच्या बायका हळदीकुंकवाला. प्रसादाचं हरभऱ्याचं सुंडल संपलं, पुन्हा केलं. प्रत्येकीने मालगाडीचं कौतुक केलं. वसुमतीबाईंनी विचारलं, "ही यांनीच केली असेल, नाही? रेल्वेचा एवढा अभ्यास!" मी हो म्हणणार होतो. चंद्री माझ्याकडे पाहत होती. तरी हो म्हणालो.

२४ ऑक्टोबर, सरस्वतीपूजा
पुस्तकं, वह्या पूजेत मांडल्या. माझी टिपणंही, एकशे अठरा पानं. नियमाप्रमाणे आज वाचायचं-लिहायचं नाही. ही नोंद लिहिणं नव्हे, निव्वळ आठवण.

चंद्री येऊन शेजारी बसली. म्हणाली, "अप्पा, तिथे भीती वाटेल का हो?" मी तिला रंगूनच्या स्टेशनाबद्दल थोडं सांगितलं, मला माहीत नव्हतं तेसुद्धा. ती ऐकत होती. मग अंबाने हाक मारली.

उत्तर ठीक झालं नाही असं नंतर वाटलं. चांगलं उत्तर तयार करायचं. मुद्दे काढायचे. दिवाळीला तीन आठवडे आहेत, भरपूर झाले.

१३ नोव्हेंबर, दिवाळी
जावई आले. शांत माणूस. त्यांना डबा दाखवला. (एक पूर्ण झाला. दार मात्र चिकटवून टाकलं आहे, म्हणजे सरकतं की उघडतं हा वादच नको.) म्हणाले, "हा चंद्रीबरोबर रंगूनला नेऊ का?" मी म्हटलं, अजून एक हात रंगाचा द्यायचा आहे. ट्रंकेत जागा नाही असं चंद्री म्हणाली. दोघांचं बोलणं एकदमच झालं.

मुद्दे काढले: तीन. १. भिऊ नको. २. पत्र लिही, कोणत्याही अक्षरांत. ३. तिसरा अजून शब्दांत बसत नाही.

१५ नोव्हेंबर, रविवार
दुपारची गाडी. जटक्यात ट्रंका, चंद्री, जावई आणि मी. अंबाला जागा नव्हती. ती दारात उभी राहिली, चंद्रीच्या तोंडावरून हात फिरवला, आत गेली.

गाडी आठ मिनिटं थांबते. वेळ पुरेसा होता. मुद्द्यांचा कागद सदऱ्याच्या खिशात. चंद्री खिडकीशी बसली. मी खाली उभा. म्हटलं, हा डबा नव्या पद्धतीचा आहे, याच्या स्प्रिंगा चांगल्या आहेत, अंग दुखणार नाही. ती म्हणाली, "हो अप्पा." म्हटलं, दर स्टेशनावर पाण्याचा कूजा भरून घ्या. म्हणाली, "हो अप्पा." मग शिटी झाली. तिने हात बाहेर काढला. मी धरला. गाडी चालू लागली तशी मीही चाललो, प्लॅटफॉर्म संपेपर्यंत.

चालत घरी आलो. अंबाने पान मांडलं, ताकातला मोरभात वाढला, समोर बसली. विचारलं, "रडली का?"

म्हटलं, माहीत नाही. मी चाकांकडे बघत होतो.