मी सांगेपर्यंत सोडू नका

३ मार्च, शिरूर
आजपासून नोकरी सुरू. कासुर्डीच्या आमच्या घरातली मी पहिली पदवीधर आणि इथल्या दातांच्या दवाखान्यातली नवी मदतनीस. अनुपमा मॅडम दात काढतात. नंतर काय जपायचं, ते पेशंटला मी समजावते. कापसाचा बोळा अर्धा तास दाबून धरा. थुंकू नका, गिळा. आज गार, मऊ खा. उद्यापासून मिठाच्या कोमट पाण्याची गुळणी. तंबाखू, मिश्री बंद. "मग जगायचं कशावर, ताई?" एका बाईने विचारलं, तशा साऱ्या हसल्या. मीही हसले. पण एक तोंड जरी माझ्यामुळे नीट राहिलं, तरी शिकल्याचं चीज झालं.

४ मार्च
हौसराव आबांची दाढ काढली. अर्धा तास म्हणजे किती, ते त्यांना उमगेना. घड्याळ कळत नाही, वाचताही येत नाही. मी सोपं करून सांगितलं: बाहेर बाकावर बसा, बोळा घट्ट चावा, मी सांगेपर्यंत सोडू नका. आबांनी हात जोडले. पुढे गर्दी झाली आणि मी विसरले. पाहिलं तेव्हा बाक रिकामा होता.

६ मार्च
पाबळजवळच्या वस्तीवरून त्यांची बायको आली, कस्तुराबाई. बोळ्याचा चोथा झाला तसा आबांनी तिचा पदर चावला, मग खाटेचा खूर. आज शेळीची मान. शेळी मेली तरी सोडत नव्हते. "आमचं म्हातारं लई शब्दाचं हाय," ती म्हणाली. "तुम्ही म्हनल्याबिगर सोडायचं न्हाई." मॅडमना वाटलं, म्हातारी वाढवून सांगते.

७ मार्च
कस्तुराबाई पुन्हा आली. हात पदरात गुंडाळलेला. दोन बोटं नाहीत. रडत नव्हती. एवढंच म्हणाली, येऊन एकदा सोडा म्हना की वो. तिला इस्पितळात पाठवलं. उद्या सकाळी आम्ही वस्तीवर जाणार.

८ मार्च
माझी अक्कलदाढ सुजली. मॅडम म्हणाल्या, आधी ती काढू, मग निघू. बोळा ठेवून चेष्टेने म्हणाल्या, मी सांगेपर्यंत सोडायचं नाही हं.
तेवढ्यात आबा आत आले. मॅडम पुढे झाल्या. आबांनी त्यांचा गळा धरला. दातांनी. मॅडमच्या टाचा फरशीवर आपटत राहिल्या, मग थांबल्या.
एक शब्द पुरे होता. माझा जबडा उघडेना.

दुपार
एक्स-रेच्या खोलीत. आतून कडी लावली आहे. बोटांनी जबडा ओढला— नख निघालं, दात सुटले नाहीत. मला सोड म्हणणारं आता कोणी—
तोंडात रक्त भरतंय. गिळते.

कडी तुटली. वहीत मोठ्या अक्षरांत लिहून समोर धरलं: सोडा. आबांनी अक्षरांवरून बोट फिरवलं. हात जोडले. त्यांना वाचता—

माझं डावं मनगट त्यांच्या दातांत. हाड वाजलं. डोळे माझ्या तोंडाकडे. वाट बघतायत—

बोळा संपला. माझ्याही दातांत काहीतरी हवं. त्यांचा कान जवळ आहे— कुणीतरी मला सांगा, सो