हिरवा किरण आणि माझा उजवा डोळा

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५ — दुपारी चार वाजून दहा मिनिटे

वेळ मुद्दाम लिहून ठेवते. खिडकीत संत्र्याच्या साली वाळत घालत होते. समोरच्या इमारतीतला म्हातारा केउंग लेझरच्या दांडीने कबुतरं हाकलत होता. हिरवा किरण गल्ली ओलांडून आला — थेट माझ्या उजव्या डोळ्यात! दुखलं नाही. उलट वाटलं, समुद्राच्या तळाशी उभी आहे आणि वर सूर्य हलतोय. मी बघतच राहिले. मूर्ख बाई!

मग ओरडले, "अहो, डोळा फोडता का माझा?"

"कोण ते? दिसा तरी!"

पंधरा हातांवर उभी आहे मी, आणि म्हणे दिसा! नाटकी मेला.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

डाग जात नाही. ज्याच्याकडे बघावं ते नाहीसं होतं. ज्याच्याकडे बघत नाही ते कडेला लखलखतं. मैत्रीण फिलोमिना चहाला आली तर तिला चेहराच नाही — नुसते केस आणि कानांतले मोती, आणि मधल्या धुक्यातून तिची बडबड. सुंदर दिसत होती. तिला सांगितलं नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी चौकटींचा कागद समोर धरला. मधल्या रेघा वाकल्या, मग बुडाल्या.

"आतला पडदा भाजलाय. तिथे दुखत नाही, म्हणून माणूस बघत राहतो." बाजारातल्या या दांड्यांवर लिहिलेली ताकद एक, आतली पन्नासपट, असं त्या म्हणाल्या. औषध? "नाही, मावशी. तीन महिने थांबू. थोडं भरून येईल, किंवा नाही."

डावा डोळा जन्मापासून अधू. उजवा गेला की वाचन संपलं. बेचाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली मी!

रविवार, ९ नोव्हेंबर

चर्चमध्ये मिस्सात बायबल वाचायची पाळी माझी होती. फिलोमिनाने वाचलं. प्रत्येक स्वल्पविराम तुडवत गेली.

सोमवार, १० नोव्हेंबर

केउंगला जाड पेनने पत्र लिहिलं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर असुंता शिकवायच्या तसं — आधी तारीख, मग अन्याय, मग मागणी, रडणं नाही. लेखी उत्तर आठवड्याच्या आत!

फिलोमिना म्हणाली, "अगं, आणि तुझा तो आरसा?"

आहे ना. गेल्या हिवाळ्यात त्याने खिडकीबाहेर अष्टकोनी आरसा टांगला, त्याच्या घरावरची पीडा माझ्या घरावर उलटवायला. मार्चमध्ये मी टांगला — त्याच्यापेक्षा मोठा, बरोबर त्याच्या खिडकीसमोर.

"नन्सच्या हाताखालची तू, आणि असले आरसे टांगतेस?"

"नन्सच्या समोर केउंग राहत नव्हता."

बुधवार, १२ नोव्हेंबर

संध्याकाळी धक्क्यावर बसले. फेरीबोट डागात शिरते, विरघळते, दुसऱ्या बाजूने अखंड बाहेर येते. आत असताना ती कुठे असते? तासभर हेच बघत बसले. राग आठवावा लागला.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

उत्तर आलं — त्याच्या लेकीचं, वाइ-लानचं. प्रत्येक अक्षराच्या मध्ये भोक. फिलोमिनाने वाचून दाखवलं, मी ऐकून उतरवते.

"मावशी, बाबांना आता लिहिता येत नाही. तुम्हाला किरण लागला हे त्यांना कळलंच नव्हतं. ते माफी मागतात. कबुतरं तुमच्या आरशाखाली बसतात. मार्चपासून बाबा तिथेच किरण मारत होते आणि तो आरशावरून त्यांच्याच डोळ्यांत परत येत होता. दोन्ही डोळ्यांनी त्यांना मधलं काहीच दिसत नाही. त्यांनी आमच्यापासून लपवलं. काल तपासणीत कळलं. तो आरसा तुम्ही का टांगलात, याचं लेखी उत्तर मला हवं आहे — शुक्रवार, २१ नोव्हेंबर, संध्याकाळी पाचच्या आत."