मासोळीवरची हिरवी पानं

बुधवार, दिवेलागण

नदीतली जलपर्णी अजून कुठंकुठं पसरणार, त्याचा नकाशा सकाळीच ऑफिसातल्या सरांना पाठवला. त्यात हिवरखेडच्या तलावाच्या नावापुढं मीच लिहिलं, धोका नाही. आपल्या नदीचं पाणी तिकडं जातच नाही ना!

मग चांदूर बाजारले मासोळी घ्यायले गेली. सलीमचाचांच्या टोपलीत मासोळ्यांवर ओली, हिरवी, जाड पानं पसरलेली. मुळासकट जलपर्णी!

"चाचा, हे कावून?"

"मासोळी थंडी राह्यते, बेटा. सारेच टाकतात."

सारेच. अन् मी नदीचा उतार पाहून राहिली होती! टोपल्या कुठं जातात, हे कोणाले विचारलं मी?

"मंग बाजार उठला का फेकून देता?"

"फेकतो कायले? हिवरखेडले माही बहीण तलावात शिंगाडा लावते. मागच्या खेपेले तिनंच मागून घेतली. जांभळी फुलं आली म्हणे, लय खुश हाय."

ती फुलं तिचा शिंगाडा गिळतील. मी सरांना फोन लावत बाजारातून निघाली. चाचांना तिथंच कावून नाही सांगितलं? सर तर फोनच उचलत नाहीत.

घरी येऊन पिशवी ओट्यावर ठेवली. आईनं उघडली. मासोळीवर तीच हिरवी पानं.

"कित्ती टवटवीत हाय वं! हौदात सोडू?"