नावाड्याची चाल

२३ नोव्हेंबर

चि. ढमूस अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल मिळालं. मोजे उबदार आहेत, पण दोन्ही जोड माझ्याच मापाचे. बाबांना काही पाठवायचं नव्हतं तर एकच जोड पाठवायचास. असो. माझे गुडघे होते तसेच आहेत. व्हायोलिन शिकायला चार मुलं येतात. त्यातली एक खरंच वाजवते, बाकीच्यांना त्यांच्या आया वाजवायला लावतात. वरच्या मजल्यावर फरशी बदलायचं काम काढलंय, दिवसभर डोकं ठणकतं. तुझी ती बिस्किटाची जाहिरात लागली की मी टीव्हीचा आवाज वाढवते. तेवढंच तुझं संगीत कानावर पडतं.

तू म्हणशील, एवढ्यासाठी पत्र कशाला? फोन लावला की बाबा शेजारी येऊन बसतात, म्हणून.

बाबा बरे आहेत. जेवतात, झोपतात. हल्ली थोडं विसरायला होतं, पण या वयात कोणाला होत नाही? नव्या सिनेमाचं पार्श्वसंगीत त्यांच्याकडे आलंय. दिग्दर्शिका तुझ्याच वयाची आहे. लहानपणी नावाड्याचा सिनेमा पाहिला म्हणून मी या धंद्यात आले, असं पहिल्याच भेटीत म्हणाली. त्या सिनेमाच्या संगीताचं बाबांना मिळालेलं बक्षीस हातात घेऊन तिने फोटोसुद्धा काढून घेतला. ते आता पियानोवर नसतं, दार आपटू नये म्हणून दाराशी ठेवतो. चांगलं जड आहे, कामाला येतं.

खरं सांगू? काम चाललेलं नाही. बाबा सकाळी पियानोपाशी बसतात आणि झाकण चाचपत राहतात. बिजागरीच्या बाजूने उघडायला बघतात. मी उघडून दिलं की म्हणतात, "हं, तेच करत होतो." मग मी स्वयंपाकघरात जाऊन कान देते. एक सूर येतो. बऱ्याच वेळाने पुन्हा तोच. डॉक्टरांनी आजाराचं नावही सांगितलंय. तुला सांगायचं म्हणून मी कितीदा फोन लावला आणि दरवेळी पाण्याच्या टाकीबद्दलच बोलत बसले.

मंगळवारी संकलकाच्या खोलीत सिनेमा बघायला बोलावलं होतं. आपल्या धंद्याची रीत तुला माहीत आहे. नवं संगीत तयार नसलं की दृश्याखाली जुनं कुठलं तरी तात्पुरतं लावून ठेवतात, काय हवंय ते कळावं म्हणून. बाबांना त्याची भारी चीड. दुसऱ्याचा कोट अंगावर चढवून शिंप्याला बोलावतात, म्हणायचे. या वेळी दृश्य साधंच होतं. एक म्हातारी बंद पडलेल्या दुकानाची किल्ली परत द्यायला येते. आणि त्याखाली त्या दिग्दर्शिका पोरीने कौतुकाने नावाड्याची चाल लावलेली. ते तीन उतरते सूर, मग ती थांबायची जागा, मग चेलो. बक्षीस मला नाही, त्या थांबायच्या जागेला मिळालं, असं बाबाच सांगायचे. त्या रेकॉर्डिंगला मी दुसऱ्या रांगेत बसून वाजवलंय, मला ती झोपेतही ओळखू येईल.

मला वाटलं, आता भडकणार. माझंच उष्टं मला वाढता, म्हणणार. पण ते खुर्चीत पुढे सरकले. थांबायच्या जागी त्यांचा हात वर गेला आणि चेलोबरोबर खाली आला, अगदी बरोबर. संपल्यावर म्हणाले, "पुन्हा लावा." पुन्हा लावलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"कोणाचं आहे हे?"

त्या पोरीला थट्टा वाटली. "ओळखा बघू, सर!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. वर्गात उत्तर सापडल्यावर मूल बघतं तसं. "अगं, हे आपल्या ढमूचं! मला बोलली नाहीस ती?"

संकलक उगाच वायरी सरळ करायला लागला. पोरीचं हसू जागच्या जागी विरलं. 'तुमचंच आहे हो', एवढंच मला म्हणायचं होतं. पण मी त्यांचा चेहरा बघत होते, ढमू. मी विचारलं, "पाणी देऊ का?"

टॅक्सीने परतताना घराच्या वळणावर म्हणाले, "आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, असं बोललो होतो मी त्याला. चुकलं माझं. कुठे थांबायचं ते त्याला कळतं. मला जन्मभर कळलं नाही." तुझी पहिली चाल ऐकून ते तसं बोलले, तेव्हा "आड म्हणजे तुम्हीच ना?" असं म्हणून मी थट्टेवारी न्यायला गेले होते. तू हसला नव्हतास. बॅग भरली होतीस.

मंगळवारपासून तर ते पियानोला हातही लावत नाहीत. म्हणतात, पोराने सुरुवात केलीय, पुरं तोच करेल, मी मध्ये लुडबुड करणार नाही. दिग्दर्शिका रोज फोन करते. मी सांगते, सरांना सर्दी झालीय. आणखी किती दिवस सर्दी पुरणार?

काल धीर केला. दाराशी ठेवलेलं बक्षीस उचलून आणलं आणि त्यावरचं नाव त्यांना वाचायला लावलं. चष्मा लावून नीट वाचलं त्यांनी. "हो, माझंच. ते जुन्या सिनेमाचं. त्यात एवढं काही नव्हतं." मग म्हणाले, "दार आपटतंय बघ, जागेवर ठेव ते." मी ठेवलं.

आता तुला काय सांगू? त्यांच्या तोंडून जे ऐकायला तू इतकी वर्षं तरसलास ते शेवटी आलं, आणि ते तुझं नाही. ये आणि हो म्हण, असं सांगू? की ये आणि खरं काय ते सांग, असं सांगू? इकडे आड, तिकडे विहीर. तुला अंधारात ठेवायचं नाही म्हणून सगळं लिहिलं. त्यांना मात्र तू अंधारातच ठेवावंस असं मनात येतं आणि माझी मलाच लाज वाटते. सुचत नाही रे बाळा मला. काही म्हणजे काही सुचत नाही.

एवढ्यात बाबा मागे येऊन उभे राहिलेत. "ढमूला लिहितेस? दे, दोन ओळी मी लिहितो," म्हणतायत. कागद झाकायलाही वेळ मिळाला नाही. पण वरचं ते वाचणार नाहीत, एवढं लांबलचक हल्ली वाचवत नाही त्यांना. खाली जागा सोडते. ते लिहितील त्यातलं मी काही खोडणार नाही.

तुझी,
आई

ढमू,
ऐकलं. त्या थांबायच्या जागेपुढे मी हरलो. कशी सुचली रे तुला? मला आता काही सुचत नाही. ये, मला शिकव.
तुझा बाबा