चार तासांचं पत्र

होटगी स्टेशन,
ता. १७ मार्च १९३६

चि. मायाप्पा,

आशीर्वाद द्यायची माझी लायकी उरली आहे का, ते हे पत्र वाचून तूच ठरव. थोरला म्हणून देतो. इकडे सगळे बरे आहेत. काळ्या मेंढीला दोन कोकरं झाली. हैदराबादेत घोंगड्यांच्या वखारीत तुझं कसं चाललंय, असं तुझी वहिनी विचारते.

आई गेल्यावर शुक्रवारी तू आलास, तेव्हा माझं पत्र उशिरा आणलं म्हणून त्या टपालाच्या विमानाला पोटभर शिव्या दिल्यास आणि मी मान डोलावत राहिलो. विमानाचा काही दोष नव्हता. ते ठरल्या वारी मुंबईहून उडालं आणि हैदराबादेत उतरलं. चारशे मैल, चार तास. पेपरात मी वाचलं होतं तसंच.

दोष माझ्या दीडशहाणपणाचा. आईला ताप चढला तेव्हा मी तार करतो म्हणालो. तिनं गळ्याची शपथ घातली. तार म्हणजे मेल्याची खबर, पोरगा तिथंच हाय खाईल म्हणाली. मग शनिवारी सोलापुरात जाऊन पत्र हवाई टपालानं टाकलं. ते आधी उलटं मुंबईला जाणार आणि तिथं बुधवारच्या विमानाची वाट बघत पडणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. हैदराबादेकडची गाडी रोज माझ्यासमोरून जाते. तिला हिरवा बावटा मीच दाखवतो. त्या गाडीनं साधं पत्र तुला सोमवारी मिळालं असतं आणि मंगळवारी तू आईजवळ असतास. चौदा वर्षं रेल्वेत काढली मी, मायाप्पा.

घरी मात्र ऐटीत सांगितलं, चार तासांत पोचतंय. जन्मभर मेंढरांमागं चाललेली, मुक्कामावर अंतर मोजणारी बाई ती. तिनं लगेच ठरवलं, आज पत्र, उद्या मायाप्पा. रविवारपासून प्रत्येक गाडीला मला फलाटावर बघायला लावायची.

मंगळवारी टपाल कचेरीत गेलो. कारकुनानं सगळं उलगडून सांगितलं. घरी आलो तर आईनं विचारलं, "पत्र पोचलं का रं?" मी व्हय म्हणालो. आपली फजिती कशाला सांगा, उद्या मिळेलच त्याला, असं वाटलं.

आई जाताना काय म्हणाली, असं तू विचारलंस. तुझं नाव घेतलं, एवढंच मी सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण पुरतंही नव्हतं. मंगळवारी संध्याकाळी भिंतीकडं तोंड करून ती म्हणाली, "पत्र पोचलंय, तरी मायाप्पा आला न्हाय. त्याला यायचंच नसंल. आता गाडी बघाया जाऊ नको."

त्यानंतर ती बोलली नाही. बुधवारी सकाळी गेली.

पत्र अजून मुंबईतच आहे, एवढं म्हटलं असतं तरी तिचा जीव निवला असता. मला लाज वाटली. त्या लाजेपायी मी तिला तुझ्यावर रुसलेली जाऊ दिली. तुला यायचं होतं, हे तिला आता कोण सांगणार?

शेवटपर्यंत आईजवळ बसलेला,
बिरप्पा