मडकी फोडल्यानंतर

आई,

दारूनं ज्यांच्या चुली विझवल्या, त्या बायांमधल्याच तू आणि मी. बाबा गेल्यावर पांढरकवड्याच्या आसपासच्या गावांतून तू बाया गोळा केल्यास, हातभट्ट्यांची मडकी फोडलीस. तू गेल्यापासून फोडायला मी जाते, सभेत बोलायलाही मीच उभी राहते. पण काल जे पाहिलं, ते तुलाच सांगायला हवं.

आम्ही दहाबारा जणी काठ्या घेऊन एका भट्टीवालीच्या घरात शिरलो. आंबवलेल्या सडव्याच्या ड्रमाजवळ ग्लास विसळत एक ओळखीची बाई बसलेली. गेल्या महिन्यात तुरुंगातून सुटल्यावर मीच तिला एसटीत बसवून बाभुळगावला भावाकडे पाठवलं होतं. नशेत जावेचं डोकं फोडलं म्हणून ती आत गेली, आणि आत दारू सुटली. प्रत्येक भाषणात मी तिचं उदाहरण देत होते. काल तिच्या तोंडाला वास येत होता.

"तू इथं काहून?"

"भाऊ म्हने, पोरीचं लगन हाय, पेनारी आत्या घरात नको. दारू सोडवाच्या केंद्रात गेली, तं तिथं सारे बाप्पे. बायाइले जागा नाही म्हने." तिनं भट्टीवालीकडे पाहिलं. "हिनं जागा देल्ली. फोडा ताई तुमी. पन मंग आज मी झोपू कोठी?"

"पाय वं, पेऊन वर तोंड करून राह्यली," मागून कुणीतरी म्हणालं. पण काठी एकीनंही उचलली नाही.

मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. मडकी फोडून आलीस की तू चार भाकरी जास्त थापायचीस आणि त्याच भट्टीवालीकडे मला पाठवायचीस. एकदा मी नाक मुरडलं. पाठीत धपाटा घालून म्हणालीस, "फोडनं सोपं हाय. तिची चूल कोन पेटवन?" आम्ही तुझी काठी तेवढी उचलली, आई. भाकरी विसरलो.

भट्टी तशीच सोडून मी तिला घरी आणलं. आत्ता ती तांदूळ निवडते आहे. सोमवारी सरकारी दवाखान्यासमोर सभा आहे. मडक्यांवर मी बोलणार नाही. दारू सोडू पाहणाऱ्या बायांसाठी इथे एक खोली उघडा, आणि ती उघडेपर्यंत, बायांनो, या पायरीवरून उठू नका, एवढंच म्हणेन.

हा कागद तुझ्या जुन्या पातळाच्या घडीत ठेवते. सभेत मी तिला बहीण म्हणेन. आत्ता मात्र, नशेसाठी ती तेही पिईल म्हणून, खोकल्याच्या औषधाची बाटली माझ्या पिशवीत लपवून बसले आहे.