बत्तीस तास

४ फेब्रुवारी, शनिवार
काय गं वही, काल काय सांगितलं होतं? विसरलीस! लिहून घेतल्याशिवाय तुझ्या काही ध्यानात राहत नाही. मला अक्षरओळख नाही, तरी मंगळवारचं सगळं आठवतंय. भर दुपारी पाय घसरला, कमरेचं हाड गेलं. जिन्यावरून उतरवताना स्ट्रेचरचा खिळा करकरत होता. नातीला म्हटलं, "तुझ्या हातचा आहे का गं?" हसली नाही. तिच्या कारखान्यात हेलिकॉप्टरमधल्या स्ट्रेचरचे आधार ओततात — अ‍ॅल्युमिनियमात लिथियम घालून, हलके.

आता दवाखान्यात माझं बोलणं तीच उतरवून घेते.

५ फेब्रुवारी
विचारलं, तू नेमकं करतेस काय? म्हणाली, "ओतलेला तुकडा खूप तापवून पाण्यात बुडवायचा. तेव्हा तो मऊ असतो. मग मंद भट्टीत बत्तीस तास मुरवायचा. आत डोळ्यांना न दिसणारे कण धरतात, त्यांचंच बळ."

"आणि जास्त मुरला तर?"

"कण जाड होतात, विरळ होतात. ताकद जाते."

म्हणजे माझ्यासारखंच — जाड आणि बिनकामाचं! तरी हसली नाही.

६ फेब्रुवारी
कंबर ठणकते. पोरगी जेवली नाही.

७ फेब्रुवारी
सकाळपासून बोटं मोजतेय. त्या सोमवारी सकाळी आठला तिने भट्टी लावली. बत्तीस तास मंगळवारी चारला भरले. तेव्हा ती माझ्या उशाशी! बुधवारीही. गुरुवारी दुपारी कारखान्यात गेली.

"भट्टी कुणी बंद केली गं?"

पेन थांबलं.

"थांबू नकोस. लिही."

"मीच. गुरुवारी चारला."

"आणि तिथल्या नोंदीत?"

"बत्तीस. आजी, एक ओरखडा नाही गं, चकचकीत आहेत सगळे! नोकरी जाईल माझी."

"माल गेला?"

"उद्या जाईल."

माझ्याच पायी झालं हे. तरी म्हटलं, "त्या स्ट्रेचरवर कुणाची तरी आजी असेल. इथे खरा आकडा लिही. इथे जमला की तिथेही जमेल."

ऐंशी तास लिहिलं, म्हणाली. मला कुठे वाचता येतंय!

८ फेब्रुवारी
आज सून लिहितेय. आधी कालचं पान वाचायला लावलं. ऐंशीच आहे.

पोरीने सकाळीच साहेबांना सांगितलं. माल थांबला. त्या भट्टीतले अठराच्या अठरा आधार पुन्हा तापवून, मुरवून द्यायचे, मग कायमचं घरी बसायचं. बत्तीस तास भट्टीपासून हलणार नाही म्हणते.

सूनबाई, माझा डबा राहू दे. तिला पाठव — चार उकडलेली अंडी सोलून, पाव, मीठ वेगळं. आणि चमचा घाल. हात काळे असतील तिचे.